लव्हॉनच्या चिकटवहीतला फोटो

कंदील जरा खाली ठेवा, डोळ्यांवर येतोय. मासे आता काही लागायचे नाहीत. बसलोच आहोत या गोठलेल्या तळ्यावर गळ सोडून, तर हार्लनचं सांगतो. हार्लन स्टेनरुड, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा तो. तुम्ही दोघं त्याला ओळखता. त्याच्यापुढे मात्र हा विषय काढू नका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस डिसेंबर, गुरुवार. दुपारी हार्लन माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "डिंक दे. कागदाला कागद चिकटेल असा."

त्याची बायको लव्हॉन ऑगस्टमध्ये गेली होती. तिची एक चिकटवही होती. दर नाताळचे फोटो एका पानावर लावायचे आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं, कोण आलं, काय शिजलं, कोणी काय सांडलं. एकोणचाळीस नाताळ, एकोणचाळीस पानं. आजारपणात शेवटच्या, चाळिसाव्या नाताळचं पान तेवढं राहून गेलं. मुलीने, क्रिस्टीने, फोनवर सांगितलं होतं, "बाबा, चोवीसला आम्ही येतोय. ते पान कोरं दिसलं तर मला बघवणार नाही. तेवढं लावून ठेवा."

हार्लनला इंजिन उघडायला सांगा, डोळे मिटून उघडेल. कात्री आणि डिंक हा त्याचा प्रांत नव्हे. तरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दार उघडतो न उघडतो तोच हा हजर. "काय विकतोस रे तू? पाणी?"

"काय झालं?"

"सहा फोटो लावले. पाच बसले. सहावा सकाळी टेबलावर पडलेला."

मी त्याला लाकडाचा सरस दिला. शनिवारी परत आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"तोच?" मी विचारलं.

"तोच. जेवणाआधीचा, सगळे टेबलाभोवती उभे असलेला. सरस लावला, वरून टेप लावली, चार पिना मारल्या. सकाळी फोटो बाहेर. पिना बशीत. एका ओळीत मांडलेल्या."

मला हसू येणार होतं, पण तो हसत नव्हता.

"चाळीस वर्षं माझ्या कामात खोट काढली बाईने," तो म्हणाला. "अजून काढतेय. मी काय चुकीचं करतोय ते तरी सांग म्हणावं."

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाला. मी दुकानातला सगळ्यात जालीम गोंद घेतला, दोन नळ्यांचा, लोखंडाला लोखंड जोडणारा. त्याच्या स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर मिट्ट काळोख, शून्याखाली वीस. वारा अजिबात नव्हता.

गोंद मी कालवला. फोटो मी लावला, माझ्या हाताने. वर मेणकागद, त्यावर लव्हॉनचा बिडाचा तवा, तव्यावर पिठाची दहा पौंडांची पिशवी.

"आता काढून दाखव," हार्लन म्हणाला. माझ्याशी बोलत नव्हता तो.

कॉफी ओतली. बसलो. घड्याळात साडेसहा झाले.

आणि आवाज आला.

बारीक. कोणी नखाने कागदाचा कोपरा सोडवावा, तसा.

चर्र...

थांबला.

मी हार्लनकडे पाहिलं. त्याच्या हातातला कप तोंडाशीच राहिला होता.

चर्र... चर्रर्र...

सावकाश. घाई नव्हती. कागद फाटू नये म्हणून जपून सोडवतात, तसं.

तवा हलला नाही. पिशवी हलली नाही. आवाज त्यांच्याखालून येत होता.

मग तोही थांबला.

शेवटी मीच उठलो. पिशवी उचलली. तवा उचलला.

फोटो सुटा होता. पालथा.

पानावर गोंदाचा चौकोन तसाच होता, ओला, चकचकीत. मी फोटो त्यावर धरून पाहिला. एका बाजूने गोंद दोन बोटं जास्त होता. मी तिथे लावलाच नव्हता. फोटोची त्या बाजूची कड कात्रीने कापलेली होती.

"हार्लन," मी म्हणालो, "या फोटोतलं काय कापलंस तू?"

त्याने कप खाली ठेवला.

म्हणाला, "पानावर मावत नव्हता."

"कोण?"

"कर्ट."

कर्ट त्याचा मुलगा. त्या नाताळला जेवताना कर्ट म्हणाला होता, आई बरी दिसत नाही, तिला मी शहरात मोठ्या डॉक्टरकडे नेतो. हार्लन म्हणाला, थकलीय ती, सणाच्या दिवशी अपशकुनी बोलू नकोस. शब्दाला शब्द वाढला. कर्ट ताट टाकून गेला. आठ महिन्यांनी लव्हॉन गेली. पोरगा अंत्यविधीला आला, मागच्या बाकावर बसला आणि न बोलता निघून गेला.

"त्याचं बरोबर होतं," हार्लन म्हणाला. "रोज त्या पानावर त्याचं तोंड कसं बघू मी?"

"तो तुकडा कुठे आहे?"

"शेगडीत जाळला."

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने नंबर लावला आणि म्हणाला, "कर्ट, जेवणाआधीचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

पलीकडून कर्ट म्हणाला, "आईने पाठवला होता. माझ्या फ्रिजवर आहे."

सोमवारी दुपारी कर्ट चार तास गाडी चालवून आला. मी होतो तिथे. त्याने जाकीट काढलं नाही.

"इथे लावू?"

"लाव."

साध्या डिंकाने लावला. फोटो बसला. कॉफी झाली. हार्लनचे ओठ दोनदा हलले. शेवटी म्हणाला, "रस्ता घसरडा आहे."

"माहीत आहे," कर्ट म्हणाला आणि गेला. वीस मिनिटं, मोजून.

हार्लनने टेबलावर मूठ आपटली. "ओठांवर आलं होतं रे सगळं. आणि मी रस्त्याचं बोललो."

चोवीसला सकाळी आठला त्याने मला पुन्हा बोलावलं. रात्रभर फोटो जागचा हलला नव्हता. कर्ट कडेला उभा, आईच्या खांद्यावर हात ठेवून. हार्लनने पान उलटलं.

पुढची दोन्ही पानं कोरी होती, त्या वर्षीच्या नाताळसाठी. त्यांवर चार काळे कागदी कोपरे लावलेले होते. फोटोची टोकं ज्यांत अडकवतात ते, जिभेने ओले करून चिकटवायचे. लव्हॉन सुरुवातीची काही वर्षं तेच वापरायची. बाजारातून गेले त्याला वीस वर्षं झाली, माझ्याच दुकानातून संपले होते.

दोन कोपरे डाव्या पानाच्या अगदी कडेला. दोन उजव्या पानाच्या अगदी कडेला. सगळं घर एका ओळीत मावेल, एवढा रुंद फोटो त्या वहीत एकही नव्हता.

मी एका कोपऱ्याला बोट लावून पाहिलं.

ओला होता.