कुंडीतली माती

चंद्रावरच्या वसाहतीतल्या वाणी-प्रयोगशाळेत साडेतीन वर्षांची मिहिका चित्रभिंतीसमोर बसली होती. भिंतीवर कुडाळचा ओढा वाहत होता. तिच्या आईने, शरयूने, तो स्वतःच्या आठवणीतून करवून घेतला होता: शेवाळलेली पायरी, केवड्याचं बन, पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुली. "ओढा," शरयू हळूच म्हणाली. मिहिकाने नुसतं पाहिलं. वसाहतीत जन्मलेल्या मुलांत ती सगळ्यांत मोठी, आणि आजवर एकही शब्द बोलली नव्हती.

पुढच्या यानापर्यंत बोलली नाही, तर तिला उपचारांसाठी पृथ्वीवर पाठवणार होते. एकटीला. इतकी वर्षं अल्पगुरुत्वात काढून शरयूची हाडं ठिसूळ झाली होती. लहान मुलांची हाडं पृथ्वीवर सावरत, पण शरयू तिथे उभीही राहू शकली नसती.

भाषावैज्ञानिक दमयंती बर्वेंना मुलीत दोष सापडला नव्हता.

"शरयूताई, नुसतं बघून-ऐकून शब्द रुजत नाही. वस्तू अंगाला लागावी, आणि तेव्हाच कुणी तिचं नाव घ्यावं. इथे चांद्रधुळीच्या भीतीने मुलं जन्मापासून हातमोज्यांत. हिच्या हाताला लागतं काय?"

वसाहतीत माती एकाच ठिकाणी होती, शरयूच्या तुळशीच्या कुंडीत. आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातलं फुलपात्रभर ती रोज तुळशीला घाली. मिहिका जवळ आली की तिला उचलून बाजूला ठेवी. पारोशाने तुळशीला शिवायचं नाही, हे माहेरचं वळण. आणि इथे आंघोळ महिन्यातून एकदा.

शरयूने हे सांगितलं तेव्हा दमयंतीबाई हसल्या. "तुळशीला चालेल हो. तुम्हांला चालेल का?"

दुसऱ्या दिवशी शरयूने पाणी घातलं, हात जोडून क्षमा मागितली आणि मिहिकाचे मोजे काढून तिची बोटं मातीत खुपसली. त्या वासासरशी तिला माहेरचं परसदार आठवलं.

"माती. ओली माती."

मिहिकाने बोटं नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली.

"माती," ती म्हणाली.

मग तिच्या तोंडी एकेक शब्द आला: पान, मुळी, मंजिरी. शरयूने घरोघरी साखर वाटली.

आठवड्याने दमयंतीबाई दारात आल्या, त्या आत येईनात.

"शब्द स्पर्शातून रुजतो हा माझा अहवाल वसाहतीच्या समितीने मान्य केला. पण त्यांचं म्हणणं, कुंडीत मावतील तेवढेच शब्द इथे आहेत. ओढा नाही, वारा नाही. म्हणून आता सगळीच मुलं पृथ्वीवर वाढवायची ठरलंय. याच यानाने."

शरयूने एवढंच विचारलं, "मी तिला भिंतीवरच दिसणार ना आता?"

दमयंतीबाई दारातूनच परत फिरल्या.

त्या गेल्यावर शरयूने मुलीला मांडीवर घेतलं. मोजे काढले आणि तिचा उघडा तळवा आपल्या गालावर ठेवला.

"आई."

मिहिका गाल चाचपत राहिली. नाक, पापण्या, हनुवटी.

"आई," ती म्हणाली.

शरयूने तो हात सोडला नाही. एकदा म्हणून शब्द टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती पुन्हा म्हणाली, "आई."