एक मिस कॉल म्हणजे दिसलं

तो पहिल्यांदा नेट कॅफेत आला तेव्हा मी माऊसच्या पोटातली धूळ टाचणीनं काढत बसले होते. भादव्याची झिरमिर चालू होती. त्यानं दारात चपला काढल्या, चष्मा शर्टाला पुसला आणि देवळात आल्यासारखा हळूच आत आला. आमच्या कॅफेत चपला कुणीच काढत नव्हतं, त्यामुळे मला हसू आलं.

"मॅडम, इथं ते... लाइव्ह होतं का? म्हणजे आपल्या इथला कार्यक्रम त्याच वक्ताला बाहेरदेशी दिसला पाहिजे."

"होतं की," मी म्हटलं. "लग्न हाय का?"

"न्हाई. माय गेली, तिचं पुण्यानुमोदन हाय."

माझं हसू तिथंच आटलं. मग त्यालाच माझी दया आली असावी.

"लग्न असतं तर तुमाला पत्रिका देऊनच इचारलं असतं," तो म्हणाला.

त्याचं नाव प्रज्ञेश. गाव जवळा बाजार, औंढ्याजवळच्या एका शाळेत शिक्षणसेवक. मी निलम, बंजारा तांड्यावरच्या गुलाबचंदची पोरगी. एमएस-सीआयटी करून औंढ्यात उत्तमसिंग काकांच्या कॅफेत कामाला लागले होते. साल दोन हजार नऊ. लाइव्ह वेबकास्ट मी तोवर जन्मात केलं नव्हतं. पण न येणारी गोष्ट आधी 'येते' म्हणायचं आणि मग रात्रंदिवस झटून शिकायची, ही माझी खोड आहे. याडी, म्हणजे माझी आई, म्हणते, ही खोड तुला एक दिवस गोत्यात आणील.

गोष्ट अशी होती. त्याची थोरली बहीण सरिता मस्कतला नर्स. आई कमलबाई अचानक गेली तेव्हा तिला सुट्टी मिळाली नाही. आणि त्या दिवसापासून वडील, सटवाजीकाका, तिच्याशी फोनवर बोलतच नव्हते. फोन हातात दिला की नुसतं "हं" म्हणायचे आणि परत द्यायचे.

"ताईला वाटते बाबा तिच्यावर नाराज हायेत," प्रज्ञेश म्हणाला. "ती म्हणती, मला फक्त एकदा बाबाचं तोंड पाहू दे. मग मी समजून घेईन काय ते."

महिना भरतो त्या रविवारी सकाळी नऊला विहारात कार्यक्रम होता. हाताशी बारा दिवस होते.

रोज शाळा सुटली की तो यायचा. वहीच्या मागच्या पानावर आम्ही तयारी लिहून काढली. विहाराशेजारी पुंजाजीचा एसटीडी बूथ होता, तिथं ब्रॉडबँड होतं. तिथून खिडकीतून केबल घ्यायची, मॉनिटरही त्याचाच वापरायचा. अकराला लोडशेडिंग, म्हणजे त्याच्या आत सगळं आटपायचं. आणि सरिताताईसाठी खूण ठरली : चित्र नीट दिसलं तर एक मिस कॉल, नाही दिसलं तर दोन.

चाचणीच्या दिवशी तो कॅफेचा एक सीपीयू नेऊन विहारात कॅमेऱ्यासमोर बसला आणि मी औंढ्यात कॅफेतून सरिताताई होऊन पाहत होते. कानाला फोन होता.

"दिसून राहिलो का?"

"दिसता. हात हलवा बरं."

"हलवला की."

पडद्यावर तो ढिम्म बसलेला. मी बघत राहिले, बघत राहिले आणि मग त्याचा हात हलला. मी घड्याळ लावलं. इथून निघालेलं चित्र चाळीस सेकंदांनी पोचत होतं.

"आता हसा."

"हसलो. तुमाला चाळीस सेकंदांनी भेटंल."

"एवढं काय हसणं आहे, की त्याची वाट पाहावी माणसानं?"

"मग नका पाहू."

मी पाहिली. ते हसू आलं तेव्हा कॅफेत आपल्याकडे कुणी बघत तर नाही ना, म्हणून मी उगीच मागं वळून पाहिलं. नंतर तो मान खाली घालून काहीतरी बोलला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. माईकची पिन निघालेली होती.

"काय म्हणालात?" मी फोनवर विचारलं.

"काई न्हाई. एक-दोन-तीन म्हणलो. माईक टेस्टिंग."

एक-दोन-तीन म्हणताना माणूस एवढा गोरामोरा होत नाही, हे मला कळत होतं. पण मी विचारलं नाही. कारण कार्यक्रम आता तीन दिवसांवर आला होता. तो झाला की वही मिटणार, आणि कॅफेच्या दारात त्या चपला दिसणार नाहीत. हे मनात आलं. तेव्हा मला माझं कळलं.

रविवारी सकाळी कॅफेचा सीपीयू गोधडीत गुंडाळून, काळीपिवळी जीपमधून मांडीवर घेऊन मी जवळ्याला पोचले. दुःखाच्या घरी जायचं म्हणून मीही पांढरा ड्रेस घातला होता. सटवाजीकाकांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"गुलाबचंदची ना तू? ये लेकरा," एवढंच म्हणाले.

विहार भरून गेला. बाया, माणसं, लेकरं, सगळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मागं भिंतीला नवी पांढरी चादर. पुढं मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कमलबाईंचा फोटो. नऊला मी बटण दाबलं.

प्रज्ञेश फोन हातात धरून उभा होता. चाळीस सेकंद गेले. फोन वाजला आणि थांबला. त्यानं सुटकेचा श्वास सोडला. तोच फोन पुन्हा वाजला. दोन.

दोन म्हणजे दिसत नाही.

मी मॉनिटरकडे पाहिलं. सगळीकडे नुसतं पांढरं पांढरं, आणि त्यात चेहऱ्यांच्या जागी काळे डाग. एकाचंही नाक-डोळे कळत नव्हते. आम्ही बारा दिवस तयारी केली, वायर मोजली, मिनिटं मोजली. पण चाचणीला तो तांबडा शर्ट घालून बसला होता. पुण्यानुमोदनाला सगळे पांढऱ्यात येणार, हे तिथल्या पोराटोराला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं, की वहीत लिहायचं कुणालाच सुचलं नाही. एवढ्या पांढऱ्यापुढं साध्या कॅमेऱ्याचे डोळे दिपले होते.

"काहून दोन वाजले?" सटवाजीकाकांनी विचारलं.

मला खोटं बोलवेना. "काका, ताईंना कुणाचंच तोंड दिसून न्हाई राहिलं. मागची चादर काढावी लागंल. गडद, निळं असं काही हाय का?"

कुणी सतरंजी म्हणालं, कुणी ट्रॅक्टरची ताडपत्री. सटवाजीकाका उठले. घर दोनच दारं पुढं होतं. आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर घडी घातलेलं निळंभोर लुगडं होतं.

"तिचं हाय. सरूसाठी ठेवलं व्हतं. लावा. आज सरूलाच दाखवायचंय."

एक टोक मी धरलं, एक प्रज्ञेशनं. चादरीच्या खिळ्यांना आम्ही ते लुगडं बांधलं. मधल्या खिळ्याशी त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी क्षणभर ती घट्ट धरली. तेव्हा प्रेमाबिमाचं काही मनात नव्हतं. त्याची आई गेली होती, आणि तिचं लुगडं आम्हा दोघांच्या हातात होतं, एवढंच होतं.

काकांना मी पुढं, खिडकीच्या उजेडात बसवलं. निळ्यावर त्यांचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळला.

मी मनात मोजत राहिले. फोन वाजला. एक... आणि मग काही नाही. एकच.

भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं. सगळा विहार एका आवाजात म्हणू लागला. मलाही शब्द अर्धेमुर्धे येत होते, ते मी म्हटले. सगळं आटपलं तेव्हा साडेदहा झाले होते. मी बंद करायला हात पुढं केला, तर काकांनी मला थांबवलं. ते थेट कॅमेऱ्याकडे पाहत होते.

"सरू... माय, मी तुझ्यावर नाराज न्हाई. तुला येता आलं न्हाई, ह्यात तुझा काय गुन्हा? फोनवर तोंड उघडलं की मला रडू येते, म्हणून मी बोलत न्हाई. एवढंच हाय. बाकी काई न्हाई."

ते थांबले. आणि मग सगळा विहारच थांबला. ते बोलणं अजून वाटेत आहे, तिकडे पोचायचं आहे, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी हललं नाही. लेकरंसुद्धा गप्प होती. सकाळपासून मोजत असलेले ते चाळीस सेकंद मला कधी नव्हे इतके लांब वाटले.

फोन वाजला. एक रिंग झाली. आम्ही तो थांबायची वाट पाहत होतो. पण दुसरी झाली, तिसरी झाली. फोन थांबेना.

प्रज्ञेशनं तो वडलांच्या हातात दिला. काकांनी कानाला लावला, आणि "हं" म्हणाले नाहीत. "सरू" म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले. फोन मात्र त्यांनी परत दिला नाही.

नंतर मी वायरी गुंडाळत होते. प्रज्ञेश माझ्यासमोर उकिडवा बसला.

"त्या दिवशी माईकची पिन निघाली व्हती ना... मी एक-दोन-तीन म्हणलो न्हाई."

"माहीत आहे."

"मी म्हणलो, निलम, हे संपलं की तुमी दिसणार न्हाईत. मला ते सोसायचं न्हाई."

माझ्या हातातलं वायरीचं वेटोळं सुटलं. "आता माईक चालू हाय बरं का," मी म्हटलं.

"व्हय. म्हणूनच तर भेव वाटून राहिलं." मग हळूच, "उत्तर?"

"आपल्या इथं चाळीस सेकंद लागतात," मी म्हटलं. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. मी सीपीयू उचलला आणि निघाले.

जीप गावाबाहेर पडली. दोन्ही अंगाला सोयाबीन भिजून उभं होतं. तांड्यावर हे सांगायचं म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. पुढं आमच्या लग्नाला चार वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष माझा बाप, बापू, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ते निळं लुगडं मस्कतहून आलेल्या सरिताताईंनी माझ्या अंगावर घातलं, तेव्हा बापू मांडवाच्या दाराशी का होईना, पण उभा होता. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला यातलं काहीच दिसत नव्हतं, नुसती भीती वाटत होती.

मी पिशवीतून मोबाइल काढला आणि त्याचा नंबर लावला. एक रिंग झाली. मिस कॉल द्यायचा तर इथंच कापायचा असतो.

मी कापला नाही.