लपवलेला रकाना

आज रात्री तुमच्याकडेच बसतो. एकट्यानं घरी राहवत नाही हो. फक्त तो लॅपटॉप आधी बंद करा.

काम अगदी साधं होतं. कोहमाऱ्याजवळच्या एका राईस मिलला मी मेलमधून पाठवायचा अपघाताचा फॉर्म बनवून दिला होता. नीतू नावाची कारकून रोज 'अपघात नाही' लिहून गोंदियाच्या ऑफिसला पाठवायची. तिकडे उघडला की खाली एक जास्तीचा रकाना दिसायचा, तोही भरलेला.

मी भर दुपारी पोहोचलो. ऑफिसात उकडलेल्या धानाचा आंबूस वास, काचेपलीकडे मशीनच्या पट्ट्याची फट्‌फट्.

"मागच्या हप्त्यात त्या रकान्यात पुनारामचं नाव आलं," नीतू हळूच बोलली. "तिसऱ्या दिवशी त्याची बोटं गेली जी. आता उदारामभाऊचं येऊन रायलं. उजवा हात, कोपरापासून, वेळ ४.२०... आज तिसरा दिवस हाय."

उदाराम काचेपलीकडे पट्ट्यापाशी उभा होता. मी हसलो. जुना फॉर्म कॉम्प्युटरमध्ये अडकून राहतो, म्हटलं. तो पुसला, नवा चढवला, स्वतःलाच पाठवून पाहिला. रकाना तसाच. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मिल बंद कराले सांगा ना भाऊ. तुमचं आयकतील."

तेवढ्यात मालक मुन्नालाल डोकावले. "इंजिनियर साहब, जल्दी करो. फॉर्म ठीक हुआ क्या?"

भुताटकीपायी मिल बंद करा, असं सांगायचं? गोंदियाभर हसं झालं असतं माझं. मी रकान्याची 'दिसू दे'ची खूण काढून टाकली. रकाना गायब.

"हो गया," मी म्हणालो. मालक गेले.

"लपवला म्हून रिकामा होते का जी?" नीतूनं विचारलं.

"आत असतोच. दिसत नाही एवढंच."

चार वीसला पट्ट्याचा आवाज बदलला. काहीतरी ओलं फाटलं... मग किंकाळी. काचेवर रक्ताचा सपकारा बसला.

आम्ही धावलो. पट्ट्यानं बाही ओढली होती, आणि बाहीबरोबर हात. तो तुटका हात पट्ट्यावर गरगरत होता, दर फेऱ्याला पांढऱ्या तांदळावर रक्त उडवत. उदाराम खाली बसून कोपरातलं हाड बघत होता. "माहा हात कुठी गेला जी?" त्यानं मलाच विचारलं. गोंदियाच्या रस्त्यावर, माझ्या मांडीवर त्यानं जीव सोडला. त्याला मी मारलं. दुसरं काय म्हणायचं याला?

परवा तोच फॉर्म माझ्या मेलवर आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. खालच्या रकान्यात माझं नाव. पुढे 'मान'. वेळही होती, पण ती वाचायच्या आतच सवयीनं हात गेला आणि मी रकाना लपवला. आता खूण परत करतो, तर दिसतच नाही.

आज तिसरा दिवस. एक सांगा, तुमच्या गल्लीत मिल नाही ना? मग मगापासून ही फट्‌फट् कसली येते...