ओठांवरचा घाव

धातूच्या धंद्यात केस पांढरे झाले, म्हणून एक सांगतो. पोकळ आणि चहूबाजूंनी बंद असलेला नग तसाच भट्टीत टाकू नये. आतली हवा तापते, नग फुटतो आणि माणूस भाजून निघतो. आधी भोक पाडायचं, मगच आगीला दाखवायचा. माझ्या साडूनं हा नियम पाळला. पाळला म्हणूनच पुढचं घडलं.

साडू ओतारी, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा. गावाबाहेर भट्टी, हाताखाली सख्खा धाकटा भाऊ. मागच्या डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, रात्रीची जेवणं उरकून, तो टेम्पो घेऊन एका भंगारवाल्याकडून माल आणायला गेला. आणला काय, तर बागेतून चोरून उपटलेला ब्राँझचा अर्धपुतळा. कवीचा. ज्याची कविता पाठ झाली नाही म्हणून आपण सगळ्यांनी छड्या खाल्ल्यात, तोच.

"मग घेतलाच कशाला, काका?" असं तू विचारशीलच.

स्वस्तात मिळाला, बाळा. स्वस्तात मिळालं की माणसाची अक्कल गहाण पडते. आता उजाडायच्या आत वितळवला नाही, तर दोघं भाऊ गजाआड.

धाकटा म्हणाला, "दादा, तळाला भोक पाड. तोंडाकडे बघवत नाही."

"तळाचा पत्रा जाड आहे. ओठ पातळ आहेत." साडूनं छिन्नी ओठांवर टेकवली. "जन्मभर बोललात महाराज, आता जरा आ करा."

आणि हातोडा घातला.

छिन्नी आत गेली. भोकातून हवा आली... ऊबदार. नुकत्याच जेवून उठलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

मागे काहीतरी धप्पकन पडलं. धाकटा. गुडघ्यांवर, तोंडावर दोन्ही हात. बोटांच्या फटींतून रक्त.

"तुकडा उडाला का रे?"

धाकटा नुसती मान हलवत राहिला. नाही. नाही.

साडूचं डोकं फिरलं. त्यानं पुतळ्याच्याच कानशिलावर हातोडा हाणला. धाकट्याचा कान त्याच्या डोळ्यांदेखत फाटला. कुणी शिवलंही नव्हतं.

...

हातोडा गळून पडला. पण उशीर झाला होता. भट्टी जमिनीतली, तोंड उघडं, आत लाल धग. घावानं पुतळा कलला. घरंगळला. कडेशी आला.

धाकट्याचे केस धुमसायला लागले.

साडूनं झेप घेतली. पुतळ्याचं तापलेलं डोकं उघड्या हातांनी कवटाळलं. कातडी चिकटली... त्यानं सोडलं नाही. मागे ओढला. ओढतच राहिला.

पहाटेच्या अंधारात दोघा भावांनी पुतळा कसाबसा परत बागेतल्या चौथऱ्यावर नेऊन ठेवला.

धाकटा जगला. कान शिवला. साडूच्या तळहातांवर आता एक रेषा नाही, ज्योतिष्याला हात दाखवला तर तो बिचारा उपाशी मरेल. धाकट्याचे पुढचे दोन दात मात्र गेले. अख्खी भट्टी झाडली, राख चाळली. मिळाले नाहीत.

परवा मी मुद्दाम बागेत गेलो. पुतळ्याच्या तोंडावर बॅटरी मारली.

भोक आहे तसंच आहे. त्यात दोन दात आहेत.

बोट लावून पाहिलं... ओले होते.