डावी मिशी

आमच्या प्रयोगशाळेत उंदराला हात लावायचा तर समितीची परवानगी लागते. रातकिड्याला कुणाचीच लागत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी हसत म्हणायचे आणि सुई तापायला ठेवायचे.

प्रयोग साधा होता. रातकिड्याच्या डाव्या मिशीला गरम सुई टेकवायची आणि त्याला दुखतं का ते बघायचं. तो ती मिशी पायाने खाली ओढायचा, तोंडात घ्यायचा आणि चोखत बसायचा, पोळलेलं बोट आपण चोखतो तसा. उत्तर खरं तर तिथेच मिळालं होतं. सर म्हणाले, अजून थोडे करा. मी केले. तेव्हाच थांबले असते तर!

शेजारच्या डब्यातले रातकिडे नुसते तुलनेसाठी होते. त्यांना सुई कधी लागलीच नव्हती. एका सकाळी झाकण काढलं, तर तेही सगळे डावी मिशी चोखत बसलेले. एकही ओरडत नव्हता. मनात पाल चुकचुकली. सरांना दाखवलं, तर डबे बदलले असतील म्हणाले. डबे मीच लावले होते, तरी कानाडोळा केला आणि सुई उचलली.

घरी आले तर सासूबाई काळजीत. चिमणी, माझी धाकटी लेक, सकाळपासून डावी भुवई चोळत होती. ना डाग, ना सूज. डॉक्टरांनाही काही सापडलं नाही.

झोपताना ती कुशीत शिरली.

"आई, तू गरम नको ना लावूस."

माझं काम तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी सरांना फोन करून सगळं सांगितलं, प्रयोग थांबवा म्हणून हातापाया पडले. ते समजुतीने बोलले. तुम्ही दमलाय, रजा घ्या, पुढचं पुढे बघू.

घरी राहिले. चिमणी पुन्हा खेळायला लागली. उगाच घाबरलो, असं आम्ही म्हणत होतो. तरी एकदा न राहवून फोन लावला.

"सर, काम बंदच आहे ना?"

"अहो, किड्यांचं काय एवढं मनाला लावून घेता? आत्ताच सुई तापायला ठेवलीय."

फोन माझ्या कानाशी होता. चिमणी खोलीच्या पार त्या टोकाला ठोकळे रचत होती. तिने हातातला ठोकळा खाली ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी डावी भुवई झाकून घेतली.