तळातला श्वास

मला वाटलं होतं, घुम्याची धून म्हणजे शिकाऊ पोराचा धांगडधिंगा असेल. पाठ थोपटू, चार चुका दाखवू. हेडफोन लावले आणि निघालं भलतंच. शब्द नाहीत, खरं वाद्य एकही नाही, सगळं कॉम्प्युटरवर घडवलेलं. पण धुक्यातून कुणी पाठमोरं दूर दूर चालत जावं, तसे सूर.

घुम्या माझा मावसभाऊ. बोलायचा कमी, म्हणून हे नाव. ही धून दुसऱ्या दिवशी एका माहितीपटवाल्याला द्यायची होती. त्याने घेतली तर घुम्याचं पहिलं काम. मी ध्वनीचं शिक्षण घेऊन नुकतीच लांबून परतले होते आणि एका गोष्टीवर माझी श्रद्धा होती. आपण पोरांना 'छान छान' म्हणून मारतो. खरं बोललं की ती वाढतात.

शेजारच्या खोलीत मावशी, घुम्याची आई, अंथरुणाला खिळलेली. एवढ्या लांब जाऊन नुसते कान टवकारायला शिकलीस होय, असं तिने आल्या आल्या मला चिडवलं होतं. आता तिचा डोळा लागला होता. उजेड उतरत चालला होता. घरभर औषधांचा आणि तापलेल्या कॉम्प्युटरचा वास.

मी एकेक सांगत गेले. सुरुवात रेंगाळते. खर्ज मुख्य सुराला झाकतो. तो मान डोलावत दुरुस्त करत होता. मग मी विचारलं, तळाशी श्वासासारखी घरघर येतेय, ती कुठून घेतलीस?

"घेतली नाही, ताई. माझ्याकडे माइकच नाही."

"मग कचरा आहे. काढून टाक."

त्याने ती शोधून पुसली. धून काचेसारखी लख्ख झाली. त्याच्या चेहऱ्यावर इतकं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. मी हेडफोन उतरवले... आणि घर फार शांत वाटलं.

शेजारी डोकावले. मावशीचे डोळे उघडे होते, तोंडही. बोटं चादरीत रुतलेली. छाती हलत नव्हती. मी तिला हलवलं, हाका मारल्या. मग, का कोण जाणे, अगदी हळू म्हणाले, "घुम्या... ते परत आण."

"काय?"

"पुसलंस ते... आण परत."

कळ दाबल्याचा आवाज आला. मावशीने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला. ओठांचा निळेपणा ओसरला. भिंतीकडे बघत ती पुटपुटली, "एवढ्यात कशाला गं बंद केलंत..."

डॉक्टर तपासून गेले. अशा आजारात असं होतं, म्हणाले. घुम्याला ते पटलं.

सकाळी माहितीपटवाल्याचा निरोप आला. आधी पाठवलेला तुकडा त्याला आवडला होता. पूर्ण धून पाठवा. खालची घरघर आमचा माणूस साफ करेल.

एकदा शेवटचं ऐकते म्हणून मी हेडफोन लावले. घरघर जागेवर होती, मावशीच्या लयीत. पण तिच्याखाली आणखी एक श्वास होता, काल नसलेला. हलका, घाईघाईचा. मी माझा श्वास रोखून धरला.

तोही थांबला.

घुम्या दारात उभा होता, अंघोळ करून, ठेवणीतला शर्ट घालून. "पाठवू, ताई?"

"नको," मी त्याच्याकडे न बघता म्हणाले. "खरं सांगू? जमलेली नाही."