सहीशेजारचा अंगठा

ताई घरातून निघाल्या होत्या ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला, भांडण करायला नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर गावभर उलटंच बोललं गेलं. पुस्तक धाकट्या बहिणीनं आणलेलं होतं. बहीण जाऊन वर्ष होत आलं तरी ते तिच्या उशाशीच पडून राहिलं होतं. ताईंच्या पर्समध्ये ते पुस्तक होतं, चष्मा होता आणि धाकटीचा जुना फोन होता.

हा फोन ताई रोज चार्ज करायच्या, पण तो उघडत नसे. तो धाकटीच्या डाव्या अंगठ्यानंच उघडायचा, आणि अंगठा तिच्याबरोबर गेला होता.

धाकटी रहस्यकथा लिहायची. लिहायची म्हणजे बोलायची. संधिवातानं बोटं वाकडी झाली, तेव्हापासून ती घरात फेऱ्या मारत फोनला सगळं सांगायची. खून, खुनी, बंद खोली, आणि मधेमधे "स्वल्पविराम", "पूर्णविराम" हेसुद्धा, कारण नवरा ते ऐकून टाइप करायचा आणि त्याला विरामचिन्हांची अक्कल नव्हती. सही करायलाही तिचा हात दुखायचा. म्हणून वाचकानं पुस्तक पुढे केलं की ती कशीबशी सही करायची आणि शेजारी डाव्या अंगठ्याचा जांभळा ठसा उमटवायची. "रहस्यकथा आहे, पुरावा नको का?" असं म्हणून हसायची. लोक त्या ठशासाठी रांग लावायचे. ठशावर एक तिरपी रेघ असायची. लहानपणी डब्याच्या पत्र्यानं तिचा अंगठा कापला होता, आणि नर्सिंग शिकणाऱ्या ताईंनी त्याचे टाके स्वतः काढले होते. त्याच हाताच्या मनगटावर इस्त्रीचा चंद्रकोरीएवढा चट्टा होता, त्यालाही मलम ताईंचंच. एक बहीण जन्मभर नर्स आणि दुसरी जन्मभर धांदरट, असं ते गणित होतं.

ग्रंथालयाच्या काचेवर कागद चिकटवला होता : ‘स्थानिक रहस्यकथाकार आपल्या भेटीला. वाचन आणि स्वाक्षरी.’ खाली दोन फोटो. एक निवृत्त दंतवैद्याचा. या गृहस्थांच्या प्रत्येक कथेतलं प्रेत दातांवरूनच ओळखलं जायचं. दुसरा फोटो धाकटीच्या नवऱ्याचा, आणि त्याच्या हातात धाकटीचं सातवं पुस्तक. शेवटच्या आजारपणात, बिछान्यावर पडल्या पडल्या तिनं ते सांगितलं होतं. ताईंनी उशाशी बसून ते अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

मुखपृष्ठावर नाव एकट्या जावईबापूंचं होतं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाइप केलं म्हणून पुस्तक याचं? उद्या सुईण म्हणेल, मूल माझंच! आणि म्हणूनच हा गृहस्थ तो फोन मागायला दोनदा घरी आला होता तर. धाकटीनं पाठवलेली रेकॉर्डिंगं त्यानं स्वतःकडून पुसली असणार. मूळ आवाज होता तो फक्त ताईंच्या पर्समध्ये, आणि तोही कुलपात.

त्या आत गेल्या आणि थेट पहिल्या रांगेत बसल्या. वीसएक माणसं होती. खिडकीतून उतरती उन्हं कपाटांवर पडली होती. घाबरावं असं तिथं काहीच नव्हतं.

जावईबापूंनी ताईंना पाहिलं. एकदा चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज छान लावला होता मेल्यानं.

तिसऱ्या पानाच्या सुमारास ताईंना वास आला. धाकटी मानेला चोळायची त्या बामचा, झोंबरा, थंड वास. ताईंनी मागे वळून पाहिलं. मागची खुर्ची रिकामी होती... आणि त्या रिकाम्या खुर्चीकडून, कुणी ओठातल्या ओठात बोलावं तसं ऐकू आलं, "स्वल्पविराम."

जावईबापू अडखळले. ते पाणी प्यायले आणि पुढे वाचू लागले. पुन्हा तोच पुटपुटता आवाज, या वेळी टेबलाच्या जवळून. दंतवैद्यांनी कानात बोट घालून हलवलं.

वाचन संपलं तेव्हा ताई उभ्या राहिल्या. "हे कसं सुचलं तुम्हाला, जावईबापू?"

"रात्र रात्र जागून लिहिलंय, ताई," ते लोकांकडे बघून हसले. "घरच्या दुःखातून बाहेर यायला."

"ती जागत होती. तुम्ही घोरत होतात."

कुणीतरी खुदकन हसलं. जावईबापू वाकून हळूच म्हणाले, "इथे तमाशा नको. मेलेल्या माणसाला कोण सही मागतं? पुस्तक खपायला जिवंत माणूस लागतो."

ताई संतापल्या. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून फूत्कारतोय!

सह्या सुरू झाल्या. ग्रंथपाल बाई जांभळ्या शाईचा पॅड घेऊन आल्या. "लेखिकाबाईंचा हा इथेच राहिला होता. वाळलाय पार, पण म्हटलं..."

"ते पोरखेळ आता बंद," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. नवंकोरं, प्लॅस्टिकचं वेष्टण त्यांनी स्वतःच फाडलेलं.

पहिल्या पानावर जांभळा ठसा होता. ओला.

त्यांनी दुसरं फोडलं. त्यातही ठसा. तिसऱ्यातही. रांगेतली माणसं आधी कौतुकानं पुढे झुकली, मग एकेक पाऊल मागे सरकली. ताईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि चष्मा लावला. ठशावर तिरपी रेघ होती, जरा खाली झुकलेली, शेवटच्या टाक्याशी किंचित जाड. ती रेघ त्यांनी डोळे मिटूनही ओळखली असती.

"तुमचं काम आहे हे!" जावईबापू ओरडले. "दाखवा हात!"

ताईंनी दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ होते. "आता तुमचा दाखवा."

त्यांनी तावातावानं डावा हात टेबलावर आपटला, आणि बघतच राहिले. अंगठा जांभळा झाला होता. ग्रंथपाल बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. जावईबापूंनी अंगठा टेकवला. मुद्दाम टेकवला की आपोआप टेकला, देव जाणे.

कागदावर ठसा उठला, तिरप्या रेघेसकट.

दंतवैद्यांची दातखीळ बसली. जावईबापू रुमालानं अंगठा घासत सुटले. शाई गेली, पण खाली जुना, बुजलेला वण होता. "हा माझा नाही... ताई, हा माझा अंगठा नाही..."

भीती ताईंनाही वाटली, वाटली नाही असं कोण म्हणेल? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. त्यांनी पर्समधून फोन काढला, जावईबापूंचं मनगट धरलं, अडेल रोग्याचं धरायच्या तसं पक्कं, आणि अंगठा काचेवर दाबला.

फोन उघडला.

"पुस्तक सातवं. प्रकरण पहिलं," धाकटीचा खरखरीत आवाज खोलीभर घुमला. "दार आतून बंद होतं, स्वल्पविराम, पण दिवा कुणीतरी बाहेरून लावला होता. पूर्णविराम."

हेच वाक्य लोकांनी थोड्या वेळापूर्वी ऐकलं होतं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जावईबापू हात काखेत दाबून निघून गेले आणि त्यांचं पुस्तक कुणीच घेतलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ताईंना न्याय मिळाला, धाकटीचं नाव परत आलं, सगळं झालं. पण घरी येऊन दिव्याखाली बसल्यावर त्यांनी फोनमधली यादी वर सरकवली. सर्वात वरचं रेकॉर्डिंग आजचं होतं. वाचन चालू होतं तेव्हाचं, फोन पर्समध्ये बंद असतानाचं.

त्यांनी ते लावलं.

"पुस्तक आठवं," धाकटी म्हणाली. आवाज दमलेला नव्हता. "प्रकरण पहिलं. त्यानं सही करायला हात पुढे केला. पूर्णविराम. आधी अंगठा गेला, स्वल्पविराम, मग मनगट..."

खोलीत बामचा वास आला. तेवढ्यात ताईंचा स्वतःचा फोन वाजला.

"ताई..." जावईबापू रडत होते. "मनगटावर चट्टा आलाय. इस्त्रीचा. आणि... आणि कोपराला ठणका लागलाय, बोटं वाकडी होतायत. मी नाव छापतो. तिचं एकटीचं नाव छापतो. तिला सांगा ना..."

टेबलावरच्या फोनमधून धाकटी शांतपणे सांगत होती, "अवतरणचिन्ह. मी नाव छापतो. तिचं एकटीचं नाव छापतो. तिला सांगा ना. अवतरण पूर्ण. तो रडत म्हणाला. पूर्णविराम. यावर ताई म्हणाल्या..."

आणि ती थांबली. रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. श्वास ऐकू येत होता. ती वाट बघत होती.

एक शब्द पुरला असता. ‘पुरे गं’ म्हटलं की लहानपणी ती ऐकायची. पण मग ताईंना तो बिछाना आठवला, ती वाकडी बोटं आठवली, शेवटच्या दिवसांत घोटभर पाण्यावर सांगितलेली ती प्रकरणं आठवली, आणि ‘मेलेल्या माणसाला कोण सही मागतं’ हे आठवलं.

"पुढे काय होणार, ताई?" पलीकडून आवाज आला. "निदान तेवढं तरी..."

"जावईबापू," ताई म्हणाल्या, "वाचनाला ती काय म्हणायची, विसरलात? शेवट आधी सांगायचा नसतो."

त्यांनी फोन ठेवला. मग टेबलावरून, अगदी समाधानानं, धाकटी म्हणाली, "स्वल्पविराम."